सहा महिने हा आकडा आला कुठून?

तीन वर्षांपूर्वी एका रात्री मी लॅपटॉपवर दहा मिनिटांत चार लेबलं बनवली. तांदळाचे पापड, आंबापोळी, कोकणी मसाला आणि कैरीचं लोणचं. हिरवा रंग, नारळाच्या झाडाचं चित्र, खाली बारीक अक्षरात घटक. शेवटची एक ओळ उरली होती. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी फोन लावला. "खाला, किती टिकतं हे सगळं?" खाला म्हणाली, "टिकतं की! गेल्या वर्षीचे पापड अजून डब्यात आहेत." मग मी लिहिलं: उत्पादनापासून सहा महिने. चारही पाकिटांवर तेच.

सहाच का? वर्ष लिहिलं तर जास्त वाटलं असतं आणि तीन महिने लिहिले तर कुणी घेतलं नसतं. एवढाच विचार त्यामागे होता. मी इंजिनिअर आहे. पुण्यात गोदामांच्या साठ्याचं सॉफ्टवेअर लिहितो. ऑफिसात कुणी चाचणी न करता एखादा आकडा टाकला तर मी त्याचा कोड परत पाठवतो. घरच्या मालावर मात्र मी आकडा ठोकून दिला आणि झोपलो.

त्या एका आकड्यावर चौदा बायकांचे दोन लाख साठ हजार रुपये बुडाले. आज हे लिहितोय ते रडगाणं म्हणून नाही. गेली तीन वर्षं आपल्या मोहल्ल्यात, निकाहच्या जेवणात, जमातीच्या बैठकीत हा किस्सा मी अनेकदा ऐकला आणि दर वेळी त्याचा शेवट एकच असतो: "आपल्या नशिबात धंदा नाही," किंवा "आपल्याला कोण पुढं जाऊ देतंय?" मला या दोन्ही वाक्यांशी भांडायचं आहे.

आधी काय घडलं ते सांगतो.

खालाच्या गटातल्या चौदा बायका. पापड मार्चमध्ये लाटून वाळवले, आंबापोळी मे महिन्यात ताटांवर घातली. मामूंच्या ओळखीचा एक व्यापारी होता, त्याच्याकडे निर्यातीचा कोड होता. आखातात आमच्या नात्यातल्या एकाच्या ओळखीचं किराणा दुकान होतं. व्यवहार तोंडी ठरला. माल विकला गेला की पैसे. ९६ खोकी भरली. एक खोकं ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे ०.०३ घनमीटर, सगळं मिळून २.८८ घनमीटर आणि वजन ८६४ किलो. जुलैच्या मध्यावर, भर पावसात, ती खोकी न्हावाशेवाला गेली आणि इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये भरली गेली.

पलीकडच्या बंदरात माल अडला. लेबलावर अरबी मजकूर नव्हता. दुकानदारानं लेबल आधी मंजूर करून घ्यायला हवं होतं, ते केलेलं नव्हतं. आणि तारीख. आखातातले खरेदीदार साधारणपणे अशी अट घालतात की माल पोहोचेल तेव्हा त्याचं निदान निम्मं आयुष्य शिल्लक असावं. आमचा पापड मार्चचा, आयुष्य सहा महिने, माल पोहोचला जुलैच्या अखेरीस. म्हणजे दोन महिनेसुद्धा धड उरले नव्हते. मी लिहिलेल्या आकड्यानुसारच आमचा माल निघतानाच बाद होता. हे गणित तिसरीतल्या मुलाला सुटलं असतं. चौदा बायका, मामू, व्यापारी, दुकानदार आणि मी, यांतल्या एकानंही ते मांडलं नाही.

पाच आठवडे खोकी पडून राहिली. गोदामाचं भाडं रोज चढत होतं. शेवटी उघडली तेव्हा आंबापोळीवर बुरशी होती आणि पापड एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली होती. माल रीतसर नष्ट करण्यात आला, त्याचाही खर्च लागला. दुकानदार म्हणाला, मी फक्त मदत म्हणून नाव दिलं होतं. व्यापारी म्हणाला, माल माझा नव्हताच, मी कोड दिला. आणि ज्यांचा माल होता त्यांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. शिपिंग बिलावर नाही, इनव्हॉइसवर नाही, बिल ऑफ लेडिंगवर नाही. एका आपानं यासाठी बांगड्या गहाण टाकल्या होत्या. त्या अजून सुटलेल्या नाहीत.

आता भांडणाला सुरुवात करतो. पहिलं भांडण 'नशीब' या शब्दाशी.

घरच्या डब्यातला पापड वर्षभर टिकतो, मग समुद्रावर का टिकला नाही? यात नशीब कुठेही नाही. कोणताही पदार्थ टिकतो की नासतो हे मुख्यतः त्यातलं मोकळं पाणी आणि आंबटपणा यांवर ठरतं. मोकळ्या पाण्याचं एक माप आहे, त्याला वॉटर अॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याचं माप १. ते ०.६ च्या खाली असेल तर त्या पदार्थात कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. ०.७ च्या आसपास काही बुरशी जाग्या होतात. ०.८५ च्या वर रोग पसरवणारे जंतूही वाढू शकतात. लोणच्यासारख्या पदार्थात आंबटपणा राखण करतो: पीएच ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिझमचा जंतू वाढू शकत नाही. हे आकडे जगभर सारखेच आहेत. ते मोजणारं यंत्र टेबलावर मावतं आणि चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे आहेत.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कंटेनर म्हणजे पोलादाची पेटी. उन्हात तिच्या छताजवळची हवा पन्नास अंशांच्या वर जाते. अन्न खराब होण्याच्या क्रियांना ढोबळ नियम असा लावतात की दर दहा अंशांमागे वेग दुप्पट होतो. २५ अंशांवर सहा महिने टिकणारी वस्तू ३५ अंशांवर तीन महिने टिकेल, ४५ अंशांवर दीड महिना. खालाच्या डब्यावर घराची सावली होती. आमच्या खोक्यांवर आखाताचा ऑगस्ट होता.

तिसरी गोष्ट पाण्याची. आमची खोकी पावसाळ्यात भरली गेली, म्हणजे पुठ्ठ्यात ओल होती आणि पेटीत कोंडलेल्या हवेतही. दिवसा ती ओल वाफ होऊन वर जाते, रात्री पत्रा थंड झाला की थेंब बनून खाली पडते. या धंद्यातली माणसं याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात. त्यावर उपायही जुना आणि स्वस्त आहे: ओल शोषणाऱ्या क्षाराच्या पिशव्या लटकवायच्या, वाफ आत न सोडणारं पाकीट वापरायचं, पुठ्ठा कोरडा ठेवायचा. आम्ही साध्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या, मेणबत्तीवर धरून बंद केलेल्या.

जगात याची काळजी किती घेतात बघा. खोकी ज्या लाकडी पॅलेटवर ठेवतात त्या लाकडाचासुद्धा नियम आहे. गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं द्यायचं, मग त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारायचा, म्हणजे एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाणार नाही. खोक्याखालचं लाकूड तपासलेलं होतं. खोक्यातलं अन्न आम्ही तपासलं नव्हतं. याला कुणी नशीब म्हणत असेल तर तो नशिबावर आळ घेतोय.

सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे कोकण कृषी विद्यापीठ आमच्याच दापोलीत आहे. १९७२ पासून आहे. आंबा, कोकम, काजू टिकवायचे कसे यावर तिथं दशकानुदशकं काम चाललंय. आमच्या गावातून तिथं एसटी जाते. पण पापड घेऊन तिथं कुणी गेलं नाही. का नाही? कारण गावातल्या बायकांना ते 'साहेब लोकांचं' ठिकाण वाटतं आणि गावातल्या शिकलेल्या पोरांना, म्हणजे मला, आईमावश्यांच्या पापडासाठी तिथं जाणं हे काम वाटत नाही.

दुसरं भांडण 'जबान' या शब्दाशी.

आपल्याकडे लेखी करार मागितला की समोरच्याचा चेहरा पडतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" मामू नेमकं हेच म्हणाले होते. मामू दिलदार माणूस आहेत, पाच वक्ताचे नमाजी आहेत, त्यांनी एक पैसाही खाल्ला नाही. पण दिलदार माणसाच्या मध्यस्थीनंही चौदा घरं बुडू शकतात हे मी पाहिलंय. आपल्यातल्या कुणालाही विचारा, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणारा बसवा, साक्षीदार ठेवा, ही शिकवण कुठली? सुरे बकराची २८२ वी आयत. कुराणातली सगळ्यात लांब आयत आहे ती, आणि ती आहे हिशोबाच्या कागदाबद्दल. आपण ती पाठ करतो आणि व्यवहार मात्र तोंडी करतो.

समुद्रावरचा सगळा व्यापार अनोळखी माणसांमधला आहे, म्हणूनच तो कागदावर चालतो. बिल ऑफ लेडिंग हा कागद ज्याच्या हातात, माल त्याचा. माल बोटीवर चढेपर्यंतची जबाबदारी कुणाची आणि चढल्यानंतरची कुणाची, हे तीन अक्षरांत लिहिलेलं असतं: एफओबी, सीआयएफ. पाकिटांची यादी, इनव्हॉइस आणि शिपिंग बिल, तिन्हींवरचे आकडे जुळले नाहीत तर माल थांबतो. यात कुणाचा अपमान नसतो. मुंबईतला मुसलमान असो, मारवाडी असो की जर्मनीतला ख्रिश्चन, मशीन सगळ्यांना एकच प्रश्न विचारतं.

आणि तो निर्यातीचा कोड! तो डीजीएफटीच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो. फी पाचशे रुपये. चौदा बायकांनी प्रत्येकी छत्तीस रुपये काढले असते तरी झालं असतं. दुसऱ्याचा कोड नुसता 'वापरायला' घेणं हे मुळातच नियमात बसत नाही. व्यापाऱ्यानं माल रीतसर विकत घेऊन आपल्या नावानं पाठवला असता तर ते कायदेशीर होतं आणि बायकांच्या हातात बिलही पडलं असतं. आम्ही दोन्ही केलं नाही, कारण 'आपलाच माणूस आहे'.

तिसरं भांडण जरा नाजूक आहे. ते हिरव्या शिक्क्याशी.

आमच्या खोक्यांवर एक गोष्ट मोठ्या अक्षरात छापलेली होती: 'हलाल'. तांदळाच्या पापडावर! त्यासाठी कुठलंही प्रमाणपत्र घेतलेलं नव्हतं. छापखान्याला सांगितलं आणि त्यानं छापलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं हलाल प्रमाणपत्र असलेल्या खाद्यपदार्थांवर राज्यात बंदी घातली आणि निर्यातीला तेवढं वगळलं, तेव्हा आपण सगळे चिडलो. मीही चिडलो, आणि ते चिडणं योग्यच होतं. जो शिक्का परकीय चलन आणताना चालतो तो देशातल्या ग्राहकाच्या ताटात गुन्हा ठरतो, यामागचं राजकारण कळायला फार अक्कल लागत नाही.

पण त्या रागाचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. शिक्क्याला किंमत येते ती त्यामागच्या तपासणीमुळे. तपासणी न करता शिक्का मारणारे आम्हीही त्या शिक्क्याची किंमत कमीच करत होतो. शिवाय 'हलाल' या शब्दाला जोडून 'तय्यब' हा शब्द येतो. शुद्ध, निकोप, खाण्याजोगं. बुरशी आलेली आंबापोळी घटकांच्या यादीप्रमाणे हलाल असेल, तय्यब नव्हती. आपण पहिल्या शब्दासाठी मोर्चे काढतो आणि दुसऱ्यासाठी प्रयोगशाळेत जात नाही.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं भारतातल्या मोठ्या मसाला कंपन्यांची काही पाकिटं बाजारातून काढायला लावली. कारण होतं इथिलीन ऑक्साइड हे रसायन. तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही जणांना आनंद झाला होता. बघा, त्यांचे मोठे ब्रँडही पडले! मला त्यात आनंदासारखं काही दिसलं नाही. मोठ्या कंपनीची पाकिटं परत आली तर ती प्रयोगशाळा वाढवते, वकील लावते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा उभी राहते. खालाची ९६ खोकी परत आली तर खाला पुन्हा उभी राहत नाही. छोट्याला चूक परवडत नाही, म्हणून छोट्यानं जास्त काटेकोर असायला हवं.

विम्याबद्दलही बोलतो, कारण तो प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आम्ही विमा उतरवला नव्हता. मामू म्हणाले, विमा जायज नाही. मी मुफ्ती नाही, यावर मतभेद आहेत हे मला माहीत आहे, आणि ज्यांना पारंपरिक विमा नको त्यांच्यासाठी आखातात तकाफुलची व्यवस्था उभी राहिली आहे. खरं सांगायचं तर विमा असता तरी आम्हाला पैसे मिळाले नसते. उशिरामुळे झालेलं नुकसान, मालाच्या मूळ दोषामुळे किंवा कच्च्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान सागरी विम्यात सहसा बसत नाही. तेव्हा मामूंवर तो दोष ढकलणार नाही. पण पुढच्या वेळी विचार करा. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' ही बोट सुएझ कालव्यात सहा दिवस अडकली, आठवतं? नंतर मालकांनी 'जनरल अॅव्हरेज' जाहीर केलं. हा समुद्रावरचा फार जुना कायदा आहे: बोट वाचवायला जो खर्च आला तो त्या बोटीवर माल असलेल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा. ज्याचा विमा होता त्याच्या वतीनं विमा कंपनीनं हमी दिली. ज्याचा नव्हता त्याला स्वतः रोख अनामत भरल्याशिवाय आपलाच माल मिळणार नव्हता. दुसऱ्याच्या चुकीतही वाटा भरावा लागतो, असा हा धंदा आहे. त्यासाठी काय तजवीज करायची ते तुमच्या आलिमांना विचारून ठरवा, पण माल चढवण्याआधी विचारा.

आता चौथं आणि सगळ्यात मोठं भांडण. "आपल्याला कोण करू देतंय?"

मला माहीत आहे की हे वाक्य हवेतून आलेलं नाही. पुण्यात भाड्यानं घर शोधताना माझं नाव ऐकून किती जणांनी फोन ठेवला ते मी मोजलंय. बँका आपल्या वस्त्यांमध्ये कर्ज द्यायला हात आखडतात हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातच लिहिलेलं आहे. आपले लोक नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या कामधंद्यावर जास्त अवलंबून आहेत आणि आपल्या बायका घरबसल्या तुकड्यावर काम करतात, हेही त्यात आहे. या अन्यायाशी लढायलाच हवं आणि हे मासिक ते करतंच.

पण आमच्या ९६ खोक्यांच्या बाबतीत कुणी आमचं नाव बघून माल अडवला नाही. पलीकडचा देश मुसलमानांचा, बंदरावरचा अधिकारी मुसलमान, दुकानदार मुसलमान, व्यापारी मुसलमान, लेबल बनवणारा मुसलमान. आणि बुडाल्या चौदा मुसलमान बायका. इथं कुठला द्वेष शोधायचा? जिथं भेदभाव आहे तिथं तो ठणकावून सांगायचा असेल तर जिथं तो नाही तिथं आपली चूक आपली म्हणायची हिंमत हवी. नाहीतर आपल्या खऱ्या तक्रारीचीही किंमत राहत नाही.

कोकणातल्या मुसलमानाला समुद्र काही नवीन नाही. 'नाखवा' हे आडनाव आपल्यात आहे, ते 'नाखुदा'वरून आलंय, म्हणजे जहाजाचा कप्तान. इंग्रजांच्या आगबोटींवर आपले पणजोबा खलाशी होते, सारंग होते, टिंडेल होते. सत्तरच्या दशकापासून आपले बाप आणि चाचे आखातात गेले, नंतर भाऊ गेले. खेड, चिपळूण, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, कुठल्याही गावात जा, अर्ध्या घरांचा कर्ता माणूस समुद्रापलीकडे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपण समुद्रावर माणसं पाठवली. दुसऱ्यांचा माल वाहिला, दुसऱ्यांची गोदामं भरली. आपला माल मात्र आजही विमानाच्या तीस किलोच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत गुंडाळून जातो. मसाल्याचा डबा, आंबापोळीची चवड, कोकमाची बाटली. प्रत्येक कोकणी मुसलमान घर पन्नास वर्षं निर्यात करतंय, फक्त त्याचं बिल कधी फाडलेलं नाही.

आखातात आपल्या चवीचा माणूस आहे. १ मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा व्यापार करार लागू आहे. उगमाचा दाखला जोडला तर अनेक वस्तूंवरचा आयातकर माफ होतो किंवा टप्प्याटप्प्यानं उतरतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमाला आणि कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे गिऱ्हाईक आहे, करार आहे, नाव आहे. कमी पडतंय ते आपलं तपासलेलं, लिहिलेलं, वेळेवर निघालेलं खोकं.

यावर उपाय म्हणून आपल्याकडे काय होतं? शादीखान्यात सेमिनार होतो. 'धंदा सुन्नत आहे', 'एका दिवसात एक्स्पोर्टर बना', फी हजारांत, दुपारी बिर्याणी. सूटबूटातला वक्ता स्क्रीनवर कोटींचे आकडे दाखवतो. मी अशा दोन सेमिनारांना बसलोय. वॉटर अॅक्टिव्हिटी हा शब्द एकदाही आला नाही. माल बनवणाऱ्या बाईला किती मिळणार हाही प्रश्न कुणी विचारला नाही. बायका मागच्या पडद्याआड बसल्या होत्या आणि त्यांनीच केलेले समोसे आम्ही खात होतो.

त्याऐवजी १९५९ सालची एक गोष्ट त्या स्क्रीनवर दाखवा. १५ मार्चला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्यांच्या पद्धतीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पीठ एका ठिकाणी मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि परत आणलेला पापड तपासून, वजन करून घेतला जातो. म्हणजे काम घरात, पण माप एकच. आणि लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण असते. आपल्या चौदा बायकांना आपण काय केलं होतं? मजूर म्हणावं तर मजुरी दिली नाही, मालकीण म्हणावं तर कागद दिला नाही. फक्त तोटा झाला तेव्हा तो त्यांचा ठरला.

हिशोबही तसाच सांगतो. सुट्या मालाचं समुद्री भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागतं. आमच्यासाठी ते २.८८ होतं. ते भाडं फार नव्हतं. खाल्लं ते इतर खर्चांनी: कस्टम दलाल, कागदपत्रं, गोदामातली हाताळणी. खोकी दहा असोत की शंभर, यातले बरेच खर्च तेवढेच राहतात. शिवाय सुट्या मालात शेजार आपल्या हातात नसतो. पापडाशेजारी साबण किंवा अगरबत्ती आली तर वास लागतो. वीस फुटी कंटेनरची पोकळी सुमारे ३३ घनमीटर. नीट रचली तर आमच्यासारखी नऊशेच्या आसपास खोकी बसतात. म्हणजे आमच्यासारखे नऊ गट एकत्र आले तर एक पूर्ण पेटी. पण एका गटाची बुरशी बाकी आठांचा माल अडकवेल. म्हणून एकत्र यायचं तर नऊही गटांना एकच नियम, एकच नोंदवही, एकच चाचणी लागेल. एकीची भाषणं आपण पुष्कळ ऐकली. एकी म्हणजे नऊ गावांनी आपापल्या वहीत बॅच नंबर सारख्या पद्धतीनं लिहिणं, हे कुणी सांगितलं नाही.

मग माझी मागणी काय? माझ्यासारख्या शिकलेल्या पोरापोरींकडे आहे. मित्रमैत्रिणींनो, कंपनीत आपण रोज दुसऱ्यांचे साठे, दुसऱ्यांच्या तारखा, दुसऱ्यांची बिलं सांभाळतो. वर्षातून चार शनिवार गावाला द्या. एका गटाचा एकच पदार्थ निवडा. त्याची प्रयोगशाळेत चाचणी करून घ्या आणि जो आकडा येईल तोच लिहा, मग तो चार महिने असला तरी. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक गटाच्या नावावर घ्या. निर्यातीचा कोड गटाच्या नावावर घ्या. खरेदीदाराकडून लेबल आधी मंजूर करून घ्या, अरबी मजकुरासकट. करार लिहा, काही रक्कम आगाऊ मागा आणि ती बाईच्या खात्यात जाऊ द्या, तिच्या नवऱ्याच्या नाही. कुणी म्हणालं "माझ्यावर विश्वास नाही का?" तर सांगा, आहे, म्हणूनच लिहून ठेवतोय.

आणि जमातीच्या ज्येष्ठांना एक विनंती. पुढच्या सेमिनारच्या मांडवाचा खर्च एका गटाच्या चाचणीला द्या. बिर्याणी आम्ही घरी खाऊ.

खालाचा गट मोडला नाही, पण चौदातल्या नऊच जणी उरल्या. यंदा त्या फक्त मसाला करतात आणि तो मुंबईतल्या तीन दुकानांत जातो. समुद्रावर अजून काही पाठवलेलं नाही आणि मीही घाई करू नका असं सांगितलंय. मसाल्याची चाचणी झाली. खालाची मुलगी, बारावीतली, नोंदवही ठेवते: मिरची कुठून आली, कधी भाजली, कुणी कुटली, कुठल्या पाकिटात गेली. गेल्या महिन्यात खालानं स्वतः सव्वीस पाकिटं बाजूला काढली, कारण त्यांचा बॅच नंबर पुसट उमटला होता. मामू म्हणाले, "अगं, चांगला माल आहे, जाऊ दे की." खाला म्हणाली, "चांगला आहे हे तुम्हाला माहीत, मला माहीत. दुकानातल्या बाईला कसं कळणार?"

बांगड्यांचे हप्ते मी भरतोय. तो आकडा मी लिहिला होता.